चोरीचा चाफा

मी चाफा बोलतोय. चोरीचा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

बागेत जीव असलेल्या माणसांचा आमच्याकडे एक पक्का समज आहे. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं जोमानं वाढतं. गुंडप्पांनी पहिल्या दिवाळसणाला उदगीरच्या सासुरवाडीतून माझी फांदी धोतराच्या सोग्यात लपवली आणि अर्धापूरला आणून लावली. सासऱ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. नव्या नवरीला, म्हणजे कावेरीबाईंना, ती चोरी फार आवडली. पुढं गुंडप्पा वारले, तेव्हापासून त्या रोज सकाळी माझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय चहा घेत नसत.

मग गेल्या श्रावणात बाग-इतिहास मंडळाचा वार्षिक मेळावा त्यांच्या अंगणात भरला. नांदेड-लातूरकडची ही मंडळी जुन्या बागांचा इतिहास जपतात. अध्यक्ष लक्ष्मणराव गुरुजी लातूरचे. "जुन्या झाडाच्या पानालाही हात लावू नका," असं ते तळमळीनं सांगत होते, आणि पाठीमागं नेलेल्या हातानं माझी फांदी मोडत होते. टाळ्या वाजवून झाल्यावर बाकीचेही एकेक करून माझ्यापाशी आले. जाताना साऱ्यांच्या पिशव्या फुगलेल्या, आणि कपड्यांवर माझ्या चिकाचे डाग.

एवढ्या जखमांत पावसाचं पाणी शिरलं. अर्धापूरचं झाड दिवाळीआधीच कुजून गेलं. बाकीच्या मंडळींनी फांद्या चीक वाळू न देताच लावल्या, त्याही सडल्या. मी उरलो तो फक्त लातुरात, गुरुजींनी पत्र्याच्या डब्यात लावलेला.

यंदाचा मेळावा गुरुजींच्या घरी होता. कावेरीबाई आल्या त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

गुरुजी खजील झाले. "ताई, घेऊन जा की. तुमचाच हाय."

"असा न्हाई लागायचा, गुरुजी. आमच्या मालकानं चोरून आणल्याला हाय तो. दिलेला कसा जगंल?"

गुरुजींना मोठा पेच पडला. द्यावा तर लागत नाही, आणि ज्याचं झाड त्याच्या डोळ्यांदेखत कुणी चोरी करत नाही. जरा वेळानं ते परसात गेले आणि सगळ्यांना हाक मारली, "इकडं या. ह्या टाकीचा लई जुना इतिहास हाय."

टाकी सिमेंटची, परवा-परवा बांधलेली. तरी सारं मंडळ माझ्याकडं पाठ करून उभं राहिलं. गुरुजींनी तिला निजामाच्या काळात नेऊन ठेवलं, तरी एकानंही शंका काढली नाही. या मंडळात असं पहिल्यांदाच घडत होतं.

कावेरीबाईंनी जन्मात चोरी केली नव्हती. फांदीला हात घातला, पण त्यांच्यानं ती मोडवेना. मग त्यांनी अख्खा डबाच उचलून पदराखाली घेतला. माझा शेंडा बाहेर डुलत होता.

गुरुजी वळले. त्यांनी एक फांदी जाईल असं धरलं होतं. रिकामी जागा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"निघाल्या, ताई?"

"हाव. बस चुकंल."

गुरुजींनी पुढं होऊन फाटक उघडून धरलं.

आता मी अर्धापुरात पुन्हा मातीत मुळं धरलीत. कावेरीबाईंचा सकाळचा चहा पुन्हा उशिरा होतो. मंडळाला माझं एकच सांगणं आहे. पुढचा मेळावा भर उन्हाळ्यात इथंच घ्या, तेव्हा मी फुललेला असेन. खुशाल एकेक फांदी न्या. पण हात जोडून विनवतो, कावेरीबाईंना विचारून मात्र नेऊ नका.