घंटेवर जेवणारा माणूस

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल.

क्षितिजा आणि कौस्तुभलाही मी आधी हेच बजावलं होतं. उमेळ्याच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेलं हे जोडपं सुकेळी विकत घ्यायला आमच्या पापडी गावातल्या घरी आलं होतं. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की त्यांची सुकेळी होतात, हेही त्यांना त्याच दिवशी कळलं. मी दोघांना ओटीवर बसवलं, पुढ्यात पिकलेल्या केळ्यांची टोपली ठेवली आणि म्हटलं, "सोला. सोलता सोलता गोष्ट ऐका." फुकटची माणसं रोज मिळत नाहीत.

आमची आल्बिना खुर्चीत बसून मांडीवरच्या सुपातली कालची केळी उलटत होती. सावकाश, एकेक. गेल्या वर्षापासून ती शब्द फार जपून वापरते. 'हो', 'नको' आणि 'पुरे' एवढ्यावर आमचा संसार चाललाय. त्यातलं 'पुरे' बहुतेक माझ्या वाट्याला येतं.

"मला लकवा मारला होता," मी सुरुवात केली.

"तुम्हाला?" क्षितिजा म्हणाली. "वाटत नाही हो, अंकल."

"म्हणून तर सांगतोय. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि गिळणंही गेलं. पाण्याचा थेंब दिला तरी तो पोटाची वाट सोडून छातीत उतरायला बघायचा. मग इस्पितळात नाकातून पोटापर्यंत नळी घातली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पाठ उंच ठेवा, पातळ पेज आणि दूध सिरिंजने हळूहळू सोडा, वेळा पाळा, दोन वेळांत अंतर राहू द्या. आणि ईस्टरपर्यंत गिळता आलं नाही, तर पोटाला भोक पाडून नळी तिथूनच बसवू."

"बाप रे!" कौस्तुभ म्हणाला.

"बाप रे काय! आमच्या घराने पिढ्यान् पिढ्या सुकेळी वाळवली आणि मी जिभेवर न ठेवता थेट पोटात टाकायची? आमच्या घरात भोकापेक्षा त्याचीच भीती जास्त."

सुपातलं एक केळं आल्बिनाने जरा जोरात उलटलं.

"तर वेळा पाळायच्या. पण पाळणार कोण? माझी मेहुणी, कॅथरिन. तिचा घड्याळावर विश्वास नाही. जुनी पापडीकर ती, चर्चची घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं. तिने ठरवून टाकलं, घंटा झाली की नळीत पेज."

"सोपं आहे की मग."

"सोपं? अरे कौस्तुभ, घंटा काय एकाच कामाला वाजते? ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागायच्या आत लग्नं उरकायची गावाला घाई. नवरी आत गेली, घंटा. नळीत पेज. नवरी बाहेर आली, घंटा. नळीत दूध. उपवासकाळ लागला, लग्नं थांबली, मला वाटलं सुटलो. तर म्हातारी माणसं जायला लागली! कोणी वारलं, घंटा. नाचणीचं सत्त्व. माती द्यायला निघाले, घंटा. ताक. शेवटी शेवटी लोक दारातूनच माझं पोट बघायचे आणि विचारायचे, आज कोण गेलं रे?"

क्षितिजा इतकी हसली की सोललेलं केळं तिच्या ओढणीवर पडलं.

"घंटा वाजवणारा फ्रेडरिक भेटायला यायचा. मी डोळ्यांनी विनवायचो, बाबा, दोरीला हात लावू नकोस. तो म्हणायचा, गॉडफ्रे कसा बाळसं धरतोय बघा!"

"आणि गिळायचं काय झालं?"

"गिळायला शिकवायला जोआना यायची. थेरपिस्ट, फार गुणी पोरगी. घट्ट केलेलं पाणी चमच्याने जिभेवर ठेवायची, गळ्याला बोट लावायची आणि म्हणायची, गिळा. कोण गिळणार? पोट काठोकाठ. घसा म्हणे, वरून कशाला पाठवताय, खाली उभं राहायला जागा नाही. जोआना मान हलवत परत जायची आणि ईस्टर जवळ येत होता. घरात कोणी तोंडाने बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात ते भोक. खरं ना, आल्बिना?"

आल्बिनाने माझ्याकडे पाहिलं. नजर अशी की तिच्यावर केळी वाळली असती.

"मग आला ईस्टरच्या आधीचा गुरुवार. तुम्हाला माहीत नसेल, त्या संध्याकाळी चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेत वाजते तीच शेवटची, मग शनिवार रात्रीपर्यंत आमची घंटा मुकी. त्या दिवसांत लाकडाची टकटक करतात, ती चर्चच्या अंगणाबाहेर जात नाही. शुक्रवार उजाडला. कॅथरिन भरलेली सिरिंज घेऊन खिडकीत उभी, कान चर्चकडे. घंटा नाही! सकाळची पेज हुकली, मधलं दूध हुकलं. दुपारी माझ्या पोटातून असा आवाज उठला की पार जूचंद्र गावच्या लोकांना वाटलं, पापडीकरांनी नवी घंटा बसवली."

"अंकल, काहीही!"

"आधीच सांगितलं होतं ना? तेवढ्यात जोआना आली. याच ओटीवर सुकेळी वाळत होती. वारा आत वळला आणि वास नाकात शिरला, नळी नव्हती त्या नाकपुडीतून. तोंडाला पाणी सुटलं आणि गळा आपसूक वर जाऊन खाली आला. जोआना किंचाळली, गिळलं! चमचा जिभेवर ठेवला. गिळला. पुन्हा ठेवला. ठसका नाही, काही नाही. मग सुकेळ्याचा गर अगदी मऊ कुस्करून नखाएवढा दिला. तोही गेला! गुड फ्रायडेला सगळं गाव उपाशी आणि सुकेळी खाणारा मी एकटा."

"वा!" क्षितिजाने टाळीच वाजवली.

"टाळी काय वाजवतेस, जोआना कॅथरिनवर अशी भडकली! म्हणाली, उपाशी ठेवणं हा काही इलाज नाही, आणि ऊठसूट भरणं तर नाहीच. घड्याळ लावा. नळीचं चालू राहू दे, पण मी शिकवायला येते तेव्हा पोटाला भूक ठेवा. झालं, घंटा सुटली आणि घड्याळ आलं. हळूहळू तोंडाचं वाढलं, नळीचं कमी झालं, आणि एक दिवस नळी निघाली. भोक टळलं!"

कौस्तुभ माझ्या हाताकडे बघत होता. "आणि उजवा हात, अंकल? आमची मिळून जेवढी झाली, त्याच्या दुप्पट सोललीत तुम्ही."

"सुकेळ्यांची करामत. अरे, शनिवारी रात्री ईस्टरची घंटा वाजली तेव्हा मी नाकात नळी घेऊनच उठलो, डबाभर सुकेळी संपवली आणि आल्बिनाला कमरेला धरून अंगणभर नाचवली. त्याआधी बिचारी दिवसरात्र माझे पाय चेपायची आणि कॅथरिनच्या नावाने बोटं मोडायची. काय गं?"

सुपातला हात थांबला. आल्बिनाचे ओठ हलले, अडले, पुन्हा हलले. मी हातातलं केळं खाली ठेवलं. तिने उजव्या हाताने एक केळं उचललं आणि थरथरत माझ्यावर रोखलं.

"खोटं!" ती म्हणाली. "नळी... माझ्या नाकात होती!"

क्षितिजाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मला मात्र वर्षभरातलं तिचं हे पहिलं अख्खं वाक्य ऐकून आणखी एक हवं होतं.

"असं?" मी म्हटलं. "मग घंटा ऐकून पेज कोण ओतायचं?"

"तू!" आल्बिना ओरडली. "तू... ओतायचास! कॅथरिन तर... विरारला... लेकीकडे होती, लबाडा!"