मेडिकलला नापास

माजी सैनिकांच्या अपंगत्व तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंना भलतंच कोडं पडलं होतं. एक्स-रेमध्ये डाव्या गुडघ्यातली फट पार बुजलेली, हाडावर हाड घासतंय. आणि टेबलावर बसलेल्या काकांचा गुडघा बघावा तर शाळकरी पोरासारखा वाकतोय. बाईंनी कोनमापक लावून बघितला, काढून परत लावला. एकशे तीस अंश. दुखतं का विचारलं, तर अजिबात नाही म्हणे. ओठावर मात्र घाम, आणि टेबलाची कड धरलेली बोटं पांढरीफटक.

कोपऱ्यातल्या काकूंनी कपाळाला हात लावला. घरी हे जिना उलटे बसून चढतात, एकेक पायरी ढुंगण सरकवत. संडासातून उठताना दाराला लटकतात, कडी दोनदा उखडली. सगळं त्यांनी एका दमात ओकून टाकलं. कागदावर अपंगत्व लागलं तरच ऑपरेशन फुकट होणार होतं, पदरचे पैसे घालून करायची ऐपत नव्हती. आणि अर्ज दोनदा फेटाळला गेलेला.

"फेटाळला काय म्हणतेस? दोन्ही वेळा पास झालो," काका गुरगुरले.

आत्ता कुठे बाईंची ट्यूब पेटली. अठराव्या वर्षापासून या गड्याला मेडिकल म्हणजे एकच ठाऊक: दात आवळून सोसायचं आणि पास व्हायचं, नाहीतर घरी.

जरा सैल पडतील म्हणून त्यांनी "विश्राम" म्हणून बघितलं. काका उतरून उभे राहिले, पाय फाकलेले, हात मागे, खांबासारखे. यांचा विश्रामसुद्धा सावधानाइतकाच कडक. काकू तोंड दाबून हसल्या.

मग बाईंनी आवाज चढवला. "आडवे व्हा. गुडघा वाकवा. दुखायला लागेल तिथेच थांबायचं. एक अंश पुढे गेलात तर हुकूम मोडला."

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग छताकडे. गुडघा निघाला आणि थोडा वाकताच थबकला, थरथरत राहिला. पस्तीस अंश. बाईंनी आणखी दोनदा वाकवून घेतला. शेवटी पंचवीसच. एवढ्यावर अपंगत्व लागणारच होतं. त्यांनी आकडे लिहून खाली सही ठोकली.

"मॅडम, निकाल?"

"सपशेल नापास."

काकांचं तोंड एवढंसं झालं. काकूंनी चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलात."

बाईंना राहवेना, त्या दारातून डोकावल्या. काका कॉरिडॉरमधून ताठ चालले होते. वळणाशी त्यांनी मागे पाहिलं, बाई दिसल्या. मग सगळ्यांदेखत काकूंच्या खांद्यावर हात टाकून ते मनसोक्त लंगडायला लागले.