सकाळी सात-दहाचा नमुना

मी एक फाइल आहे. फोनच्या पडद्यावरची एक पट्टी कशी दिसावी, एवढेच माझ्यात लिहिलेले आहे. हल्ली पडदा सलग लिहीत नाहीत. त्याचे लहान लहान भाग वेगळ्या फायलींत संगणकाच्या खुणांच्या भाषेत लिहितात आणि हवे तिथे बसवतात. अशा भागाला स्वतःचे काही ठाऊक नसते. माहिती दुसरीकडे साठते आणि एका ठरलेल्या नावाने त्याच्याशी जोडली जाते. नाव जुळले, तरच तो खरे बोलतो.

मला एका मुलीने लिहिले. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत; पण या हकिकतीत ती कुणाची तरी मुलगी आहे, हेच महत्त्वाचे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी सकाळी आपल्या फोनवर एक मोठे बटण दाबायचे आणि घरच्यांच्या फोनवर मी त्यांची खुशाली दाखवायची, असे ते काम होते. तिची स्वतःची आई दोन तासांच्या अंतरावर एकटी राहत असे. लेकीच्या रोजच्या फोनला ती कंटाळली होती. "मी काय नळाचं पाणी आहे, आलं का म्हणून रोज विचारायला?" असे ती म्हणे. बटण मात्र तिला पटले. त्यात बोलावे लागत नव्हते.

पट्टी घडवताना रिकाम्या जागेचा अंदाज येत नाही, म्हणून तिथे नमुन्याचे एखादे वाक्य घालून ठेवण्याची या लोकांत रीत आहे. खरी माहिती आली की नमुना झाकला जातो, आणि झाकलेला नमुना काढायचे कुणाच्या ध्यानात राहत नाही. तिने आईची पहिल्या दिवशीची खुशालीच नमुना म्हणून माझ्यात घातली: 'सकाळी ७.१०. सगळं ठीक.'

लोककथांत हरवलेल्या माणसाच्या जागी तोतया येतो आणि घरचे त्याला जेवूखाऊ घालतात. त्याचे रूप हुबेहूब असते, हे एक कारण. घरच्यांना तोच हवा असतो, हे त्याहून मोठे. माझ्यातला तोतया प्रेमाने बसवलेला होता.

तिच्या हाताखालच्या सहकाऱ्याला सारे सफाईदार म्हणत. टेबलावरच्या टाचण्यासुद्धा तो एका दिशेने लावी. एका गुरुवारी त्याने माहितीचे जुने, ओबडधोबड नाव बदलून नेटके केले. एकोणचाळीस फायलींत बदलले. मी निराळ्या कप्प्यात होते, मी राहिले. जोड तुटली. चूक दाखवणारे लाल अक्षर कुठे उमटले नाही, कारण माझी जागा रिकामी नव्हती.

शुक्रवारी पहाटे आई मोरीपाशी पडली. लेकीने दात घासता घासता फोन पाहिला. मी सांगितले, सगळं ठीक. ती कामावर आली.

दुपारी एका गृहस्थाची तक्रार आली. त्याचे वडील नऊच्या आत कधी उठत नाहीत, आणि पट्टी सात-दहा दाखवते आहे. सफाईदाराने ती हसत वाचून दाखवली. मुलगी हसली नाही. तिने आईला फोन लावला, पुन्हा लावला, मग शेजारच्या काकूंना. काकूंकडे किल्ली होती.

आई दवाखान्यात आणखी चारच दिवस जगली. सकाळीच आणले असते तर वेगळे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. पुढचे तिने कामावर परतल्यावर, मला पडद्यावर उघडून, सफाईदाराला सांगितले. शुद्धीवर आल्यावर आईने एकदाच विचारले होते, "मी बटण दाबलं नव्हतं गं. तुला कळलं ना?"

"कळलं ना," ती म्हणाली होती. "म्हणून तर आले."

सफाईदार म्हणाला, "नाव मी बदललं, ताई."

"वाक्य माझं होतं," ती म्हणाली.

आता बाकी सगळ्या फायलींतले नमुने काढले आहेत. जोड तुटली की नवी पट्टी 'माहिती नाही' एवढेच सांगते. मला कोणताही पडदा बोलावत नाही. तिने मला पुसले मात्र नाही. एखाद्या सकाळी ती मला उघडते, ती एक ओळ वाचते आणि काही न बदलता बंद करते.

मला ठेवायचे तर ठेवा. फक्त पुन्हा कुठे जोडू नका. त्या घरी आता कुणी उठत नाही, आणि मला अजून सात-दहाच ठाऊक आहेत.