कालुंडेच्या दवाखान्यातला दुसरा माणूस

कालुंडे नर्सबाईचा नवरा, एवढीच किमेऊची गावात ओळख. तसं बघायला गेलं तर बाजारपेठेत त्याची स्वतःची पिठाची गिरणी होती, दवाखान्याच्या समितीचा तो अध्यक्षही होता. पण मक्याचं पोतं खाली उतरवता उतरवता बाया विचारायच्या ते हेच, "नर्सबाई आहेत ना हो आज?"

किटुई काउंटीच्या त्या कोरड्या टोकाला आसपासच्या सगळ्या वस्त्यांना मिळून दवाखाना एक आणि दवाखान्यात एकटी कालुंडे. बाळंतपण तिनं करायचं, पोरांना लस तिनं टोचायची, विंचू चावला तरी धावायचं तिनंच, आणि गोळ्या संपल्या की शिव्याही तिनंच खायच्या. संध्याकाळी ती घरी येऊन ताटावर बसली की दारात कुणाची तरी मोटारसायकल थांबायचीच. ती हात धुऊन निघायची, किमेऊ तिची मक्याच्या पिठाची उगाळी झाकून ठेवायचा. मुलगी कासिवा शाळेच्या वसतिगृहात. घरात तो आणि झाकलेलं ताट.

शेवटी तोच उठला. चार जाणती माणसं घेऊन काउंटीच्या ऑफिसात गेला, परत गेला, पुन्हा पुन्हा गेला. "एका बाईनं मरायचं तरी किती साहेब? दुसरी नर्स द्या," म्हणून साहेबांचं डोकं खाल्लं. आणि खरंच, एके दिवशी मटाटू गाडीच्या टपावरून गादी उतरली आणि तिच्यामागोमाग मुसेम्बी उतरला. उंच, कोवळ्या वयाचा, हसला की सगळे दात दिसायचे. नर्स म्हणजे बाईच येणार असं किमेऊनं का धरून ठेवलं होतं, कोण जाणे.

गावात पत्र्याची, कुलपाची, पाण्याची टाकी असलेली खोली एकच, किमेऊच्या गिरणीमागची. ती त्यानं मोठ्या मनानं मुसेम्बीला दिली.

सुरुवातीला सगळं छान चाललं. कालुंडे उजेडात घरी येऊ लागली. अंगावर थोडं मांस चढलं. चुलीपाशी गुणगुणायला लागली. आणि बोलायला लागली.

"आज मुसेम्बीनं काय केलं माहितेय?"

"मुसेम्बी म्हणतो, लसीचा वार बदलू या."

"मुथोकोईत मका-घेवडा जरा जास्त टाकते हं, मुसेम्बीला फार आवडते ती."

किमेऊ घास गिळायचा आणि हूं म्हणायचा. इतकी वर्षं तिच्या वेळेची वाट पाहिली, आता वेळ मिळाला होता, पण त्या वेळेत तिसराच येऊन बसला होता. रात्री ती शांत झोपायची. हा जागा राहून मनात मुसेम्बीचे दात मोजायचा.

एकदा दवाखान्याच्या टाकीचा नळ बघायच्या निमित्तानं तो भरदुपारी तिथं गेला. आतून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. कालुंडे पोट धरून हसत होती. असं हसताना त्यानं तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच काय ते पाहिलं होतं. तो दारात उभा राहिला आणि हसू थांबलं.

"काय झालं एवढं हसायला?"

"काही नाही हो, कासिवाचे बाबा," कालुंडे डोळे पुसत म्हणाली. "आमचं आपलं दवाखान्यातलं."

'आमचं' हा शब्द घेऊनच किमेऊ गिरणीवर परतला; नळ बघायचा राहिलाच.

त्याच आठवड्यात त्यानं मुसेम्बीला गिरणीपाशी बोलावलं. मोंबासाहून भाऊ येतोय, खोली लागेल, म्हणाला. पोरगा बिचारा मान हलवून गेला. बाजाराच्या कडेला विधवा म्बुलाच्या घरात एक खोली रिकामी होती. तिथं तो विचारायच्या आधीच किमेऊ पोचला. "तुझं तू बघ बाई," तो म्हणाला, "पण एकट्या बाईच्या घरी बिनलग्नाचा तरुण माणूस... लोकांची तोंडं कोण धरणार?" म्बुलानं दार लावून घेतलं.

मुसेम्बी मग लांबच्या बाजारगावात राहू लागला. रोज धुळीतून मोटारसायकलवर येणं, निम्मा पगार भाड्यात. शेवटी म्विंगीच्या मोठ्या इस्पितळात जागा निघाली, तो तिकडे गेला. निरोपसमारंभात अध्यक्षांचं भाषण सगळ्यांत लांब झालं. किमेऊनं त्याला कोंबडा भेट दिला. मोंबासाचा भाऊ काही आला नाही.

आता कालुंडे पुन्हा एकटी. ताटावर आता मुसेम्बीचं नाव निघत नव्हतं. पण कुठलंच नाव निघत नव्हतं. हातात उगाळीचा गोळा तसाच धरून ती बसल्या बसल्या झोपायची. हवं होतं ते किमेऊला मिळालं होतं, आणि ते असं दिसत होतं.

गोष्ट फुटली ती सुसू स्योंबुआच्या तोंडून. सुसू म्हणजे आजी. सगळं गाव तिला सुसूच म्हणायचं. सुजलेला पाय घेऊन ती सकाळपासून रांगेत बसली होती, दुपार कलली तरी नंबर येईना. कालुंडे बाहेर येऊन म्हणाली, "सुसू, उद्या येता का? माझ्याच्यानं उभं राहवत नाही."

"तुला नाही बोलत मी लेकी," सुसू म्हणाली. "तुझ्या दादल्याला विचार. पोराला खोली नाकारली, म्बुलाचं दार लावायला लावलं. गिरणीत मका दळतो आणि घरी मत्सर दळतो तो."

कालुंडेनं फक्त मान डोलावली, आणि सुसूचा पाय तिथल्या तिथं तपासला.

घरी आल्यावर तिनं आरडाओरड केली नाही. म्हणाली, "खरं आहे?"

किमेऊ तिच्या ताटावरचं झाकण काढायला लागला.

"कशाचा जळफळाट झाला तुमचा? तो मला रोज दुपारी विचारायचा, सिस्टर, जेवलात का. एवढंच. मी बाळंतिणीपाशी असले की बाहेरची पोरं तो बघायचा. मला वाटलं, मी आता म्हातारी होईपर्यंत जगेन."

"तुम्ही दोघं हसत होता," किमेऊ म्हणाला. त्याचं त्यालाच ते किती पोरकट वाटलं.

"हो. हसत होतो."

दुसऱ्या दिवशी तिनं साठलेली रजा टाकली आणि आईकडे निघून गेली. जाताना दवाखान्याची किल्ली त्याच्या हातात दिली. "अध्यक्ष आहात ना? येईल त्याला सांगा, नर्स नाही म्हणून."

किमेऊ गिरणी बंद करून दवाखान्याच्या पायरीवर बसला. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचं. तापानं फणफणलेलं पोर पाठीला बांधून कोसभर चालत आलेल्या बाईला "नर्स नाही" सांगताना त्याची जीभ वळेना. ती भांडलीही नाही. घोटभर पाणी प्यायली आणि आली तशी परत चालू लागली. सुतार म्हणाला, "काय किमेऊ, आता तूच टोच की सुया." लोक हसले.

मग एका सकाळी कळा देणारी एक पोर आली, पहिलटकरीण, सोबत सासू. म्विंगीला न्यायचं तर गाडी नाही. किमेऊनं खाटकाचा पिकअप मागून आणला, मागं गादी टाकली आणि स्वतः चालवत निघाला. प्रत्येक खड्ड्याला ती पोर ओरडायची आणि सासू किमेऊच्या खानदानाचा उद्धार करायची. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

इस्पितळाच्या दारात स्ट्रेचर घेऊन आला तो नेमका मुसेम्बी. किमेऊकडे त्यानं पाहिलं, पण आधी पोरीला आत नेलं. बऱ्याच वेळानं बाहेर आला. "मुलगा झाला. दोघं ठीक आहेत. जरा उशीर झाला असता तर..."

किमेऊ बाकावरून उठला. "माझा भाऊ मोंबासाला नाहीच. मला भाऊच नाही."

"माहितेय. सिस्टरच म्हणाल्या होत्या, तुम्ही एकुलते एक."

"मग तू बोलला का नाहीस?"

"घरमालकाला काय बोलणार? आणि सिस्टरच्या घरात भांडण लावून मी कुठं जाणार होतो?"

इतके महिने जे विचारायचं होतं ते तोंडातून निसटलंच. "तुम्ही त्या दिवशी हसत कशाला होता?"

मुसेम्बी थोडा लाजला. "तुमच्यावर. गिरणीचा पट्टा तुटला की तुम्ही मशीनला सासू म्हणून शिव्या देता ना, त्याची त्या नक्कल करायच्या. हुबेहूब. घरचं काही ना काही सांगायच्या रोज."

किमेऊला हसावं की रडावं कळेना.

"परत चल," तो म्हणाला. "खोली फुकट घे."

"नाही," मुसेम्बी शांतपणे म्हणाला. "इथं पाळी संपली की मी झोपतो. दार वाजवायला कुणी येत नाही. तिकडे आता मी नाही येणार."

किमेऊ बाळंतिणीच्या सासूला घेऊन मुसेम्बीशिवायच परतला.

कालुंडे रजा संपल्यावर आली, दवाखान्यासाठी. तसं तिनं स्पष्ट सांगितलं. आंब्याच्या झाडाखाली गावची बैठक भरली तेव्हा किमेऊनं खोलीची आणि म्बुलाची सगळी हकिगत उभं राहून सांगितली आणि अध्यक्षपद सोडलं. सुसू म्हणाली, "आम्हाला काय नवीन? पण सांगितलंस ते बरं केलंस. आता बस खाली, ऊन लागेल." पद सोडलं तरी काउंटीच्या ऑफिसात खेटे घालायचं काम गावानं त्याच्याच गळ्यात घातलं. बरेच महिने कुणी मिळेना. कालुंडे वाळत गेली, त्याच्याशी कामापुरतंच बोलत गेली. किमेऊ दुपारी गिरणी बंद करून तिचा डबा दवाखान्यात पोचवू लागला. ती डबा घ्यायची, आभार मानायची नाही.

मोठा पाऊस सरल्यावर नवा नर्स आला. पुरुषच, वयानं मुसेम्बीएवढाच, आणि वर पट्टीचा गाणारा. किमेऊनं गिरणीमागच्या खोलीला चुना मारून ठेवला होता; किल्ली त्यानं स्वतःच्या हातानं दिली.

त्या संध्याकाळी कालुंडे कितीतरी दिवसांनी उजेडात घरी आली. "पोरगा हुशार आहे," ती म्हणाली. "हात हलका आहे त्याचा."

किमेऊच्या पोटात दुखायचं ते दुखलंच. तिनं ते त्याच्या तोंडावर वाचलंही असेल, कारण ती त्याच्याकडे बघत थांबली होती.

"त्याला जेवायला बोलावलंस का?" किमेऊनं विचारलं.

"नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं बोलावणार?"

"बोलाव," तो म्हणाला, आणि उगाळीच्या आधणात आणखी एक तांब्या पाणी ओतलं.