मूर्खाचा ओरखडा

अर्डिसची पहिली गाडी तिच्या थोरल्या भावानं, ऑरिननं निवडली होती. तिच्या स्वयंपाकघरातल्या फरशा त्यानंच निवडल्या, गवत कापायचं यंत्र त्यानंच निवडलं, आणि खरं सांगायचं तर नवराही त्यानंच बोलिंगच्या हॉलमध्ये गाठून तिच्यापुढे उभा केला होता. नवरा बरा निघाला, म्हणून त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण शाळेची बस चालवायचं काम सोडून ती घरी बसली, तेव्हा तिनं मनाशी एक गोष्ट पक्की केली. पिस्तूल माझं मी निवडणार, आणि ऑरिनला त्याचा वासही लागू द्यायचा नाही.

पिस्तुलाची गरज क्लबामुळे पडली. गावच्या नेमबाजी क्लबात ती दोन हिवाळे जात होती आणि क्लबचंच उसनं, लहान गोळ्यांचं पिस्तूल वापरत होती. मिनेसोटाच्या हिवाळ्यात माणसाला घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं, आणि गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून माशाची वाट बघत बसण्यापेक्षा क्लबाच्या तळघरात कागदाला भोकं पाडणं तिला उबदार वाटायचं. यंदा क्लबानं नवी स्पर्धा काढली. जुन्या घाटाचं, सगळं पोलादी पिस्तूल, महायुद्धात आजोबांच्या कमरेला असायचं तसं. ते एका हातात धरायचं, दुसरा हात खिशात. उसनं चालणार नाही, ज्याचं त्यानं आणायचं.

ऑरिन म्हणजे त्या क्लबातला सर्वज्ञ. कोणाचं पिस्तूल पेटीतून बाहेर यायच्या आधी त्याचं मत बाहेर पडलेलं असायचं. चाप कसा ओढावा, तेल कुठं किती थेंब घालावं, कॉफी किती वेळ उकळावी, सगळ्यावर त्याचा शब्द शेवटचा. पंचेचाळीस नंबरच्या, म्हणजे साडेअकरा मिलिमीटर जाडीच्या गोळीपेक्षा लहान गोळी झाडणाऱ्या पिस्तुलाला तो पिस्तूल म्हणतच नसे. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल कोणी आणलं तर तो गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, ‘‘यात टाचण्या कुठून भरायच्या?’’ पंचवीस वर्षं तोच विनोद, आणि पंचवीस वर्षं लोक हसत आले होते. त्या क्लबात दुसरं हसण्यासारखं फारसं नव्हतं, हेही आहेच.

गावात पिस्तुलं विकणारं एकच दुकान, आणि त्यात ऑरिनचं अर्धं आयुष्य गेलेलं. म्हणून अर्डिसनं दोन जिल्हे ओलांडून जायचं ठरवलं. गोधडीचं कापड आणायला चालले, असं तिनं भावाला सांगितलं. जगात ऑरिनला मत नव्हतं असा विषय तेवढाच होता.

त्या दुकानाचा मालक मर्ल, मोठ्या पोटाचा आणि हळू बोलणारा माणूस. गिऱ्हाईक कमी आणि काउंटरला टेकून कॉफी पिणारे रिकामटेकडे जास्त, ही अशा दुकानांची रीतच. अर्डिसनं जुन्या घाटाचं आणि परवडणारं असं म्हटल्याबरोबर त्यांच्यात जीव आला. एक म्हणाला तुर्कस्तानचं घ्या, दुसरा म्हणाला फिलिपिन्सचं घ्या, तिसरा म्हणाला परवडणारं घेऊच नका, थांबा आणि पैसे साठवा. तिसऱ्याचे बूट फाटलेले होते. अर्डिसनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. भरलेली बस चालवलेल्या बाईला मागून येणारी बडबड कशी ऐकायची ते शिकवावं लागत नाही.

मर्लनं एकेक पिस्तूल काढून दाखवलं. वरचा पोलादी भाग मागे ओढायचा, आत गोळी नाही हे स्वतः बघायचं, तिला दाखवायचं, मग हातात द्यायचं. तिनंही दर वेळी पुन्हा आत बघितलं, आणि परत देताना तो भाग खाडकन न सोडता हातानं धरून हळूच पुढे नेला. दुसऱ्याच्या पिस्तुलाचं दार आपटू नये, हे त्या मंडळींत जेवताना ढेकर न देण्याइतकं महत्त्वाचं असतं. मर्लनं तिच्याकडे जरा आदरानं पाहिलं आणि ताजी कॉफी ओतली.

नवी होती ती देखणी होती, पण त्यातल्या एकाच्या किमतीत घराचं गळकं छप्पर दुरुस्त झालं असतं. पंचेचाळीसची जोरात झटका देतात हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांच्या गोळ्यांचा खर्च ऐकून तिनं डबी खालीच ठेवली. मग सगळ्यात खालच्या फळीवर तिला एक दिसलं. फिलिपिन्सचं, नऊ मिलिमीटर, वापरलेलं, आणि तरी फळीवरच्या सगळ्यांत स्वस्त.

‘‘ते का एवढं स्वस्त?’’

मर्लनं ते उजेडात धरलं. डाव्या बाजूला, चापाच्या वर, एक वाकडा ओरखडा होता. हे पिस्तूल पुसायला उघडलं की परत जोडताना एक खिटी आत सरकवावी लागते. ती नीट समोर धरून दाबायची सोडून कोणी घाईनं फिरवत वर नेली, तर ती चौकटीवर असा चंद्रकोरीसारखा ओरखडा काढते. तो कधी जात नाही. त्याला सगळ्या अमेरिकेत एकच नाव आहे, मूर्खाचा ओरखडा. असं पिस्तूल कितीही चांगलं असो, भाव पडतोच.

‘‘कोणाचं होतं?’’

‘‘लांबून आले होते एक गृहस्थ. मित्राचं आहे म्हणाले. फार घाईत होते.’’

अर्डिसनं ते हातात घेतलं. मूठ तळहातात अशी बसली, जशी बसच्या गिअरची दांडी बसायची. हात लांब केला, तर नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक उंचवटा, आपणहून डोळ्यासमोर आली, तिला शोधावं लागलं नाही. काउंटरवरचे तिघे एकदम बोलू लागले, आणि त्यातलं एकही अक्षर तिला ऐकू आलं नाही. तिनं अर्ज भरला, मर्लनं सरकारी कचेरीत फोन करून तिची चौकशी पुरी केली, आणि पिस्तूल आणि त्याच्याबरोबर आलेली चेनची एक पिशवी घेऊन ती निघाली. वाटेत आठवण ठेवून तिनं गोधडीचं कापडही घेतलं. घरी पोचेपर्यंत ती गाडीत एकटीच गुणगुणत होती. इतकी खूश ती फरशा बसल्या तेव्हाही झाली नव्हती.

स्पर्धेच्या शनिवारी सकाळी तिनं क्लबाच्या टेबलावर पेटी उघडली. सगळे डोनट हातात घेऊन भोवती जमले. क्लबाचा अध्यक्ष डेलबर्ट खाली वाकला, चष्मा वर केला, आणि कोपऱ्यात जाऊन झाडू घेऊन आला. क्लबाचा जुना रिवाज होता. ज्यानं तो ओरखडा पाडला, त्यानं पूर्ण हंगामभर जमिनीवरच्या, झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या झाडायच्या.

‘‘मी वापरलेलं घेतलंय,’’ अर्डिस म्हणाली. ‘‘ओरखडा आधीच होता.’’

‘‘सगळे असंच म्हणतात,’’ डेलबर्ट म्हणाला, आणि झाडू तिच्या हातात दिला.

हसण्यात ऑरिनचा आवाज सगळ्यांच्या वर होता. नऊ मिलिमीटर, आणि वर ओरखडा, म्हणजे टाचण्याही वाकड्या लागणार, असं काहीतरी तो म्हणाला. अर्डिसचे कान तापले. आयुष्यात एक गोष्ट आपली आपण निवडली आणि तीच मूर्खाची ठरली, याचं तिला इतकं वाईट वाटलं की हातातला डोनट तिनं तसाच ठेवून दिला. एक गोष्ट मात्र तिला खटकली. कुठून घेतलंस, कितीला घेतलंस, मला का नाही विचारलंस, यातलं काहीच ऑरिननं विचारलं नव्हतं. त्याचाही डोनट टेबलावर अर्धाच पडला होता.

स्पर्धेआधी सराव असतो. तळघरात सगळे ओळीनं उभे राहिले, कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झापडं चढली, आणि धडाधड सुरू झालं. अर्डिसनं पाच गोळ्या झाडल्या. पाचही एकमेकींना चिकटून बसल्या, पण काळ्या वर्तुळाच्या बाहेर, खाली डावीकडे. तिनं पुन्हा पाच झाडल्या. पुन्हा तिथंच. नेमबाजी शिकवणारा कोणीही सांगेल, की हे चाप हिसकल्याचं लक्षण. ऑरिननं तर हे वाक्य क्लबातल्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं.

तो तिच्या शेजारच्या जागेवर होता. मान वाकडी करून तो तिच्या कागदाकडे बघायचा, मान सरळ करायचा, पुन्हा वाकडी करायचा. उचकी दाबणाऱ्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. ऑरिनचं गुपित एकीकडे आणि ऑरिनचा सल्ला एकीकडे, तर सल्लाच आधी बाहेर पडणार, त्याला कोण काय करणार? तिसऱ्या पाच गोळ्याही खाली डावीकडे लागल्या, तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. तिनं पिस्तूल खाली ठेवताच तो मागे आला, तिच्या कानावरचं झापड उचललं आणि ओरडला.

‘‘तुझं बोट बरोबर आहे. ते पिस्तूलच तसं खेचतं. माशी काळ्या वर्तुळाच्या उजव्या खांद्यावर धर. आणि निळ्या ठिपक्याची मॅगझिन लावू नकोस, तिच्यात तिसरी गोळी अडकते.’’

अर्डिस वळली नाही. तिनं आधी पिस्तूल उघडं आहे ना, रिकामं आहे ना, ते बघितलं. मग टेबलाखालची पिशवी वर घेतली. ती चेन तिनं अजून उघडलीच नव्हती. आत गोळ्या भरायच्या दोन जादा मॅगझिन होत्या. एकीच्या बुडाला निळ्या नेलपॉलिशचा ठिपका होता. ते नेलपॉलिश तिच्या ओळखीचं होतं. वहिनीनं ते ईस्टरला लावलं होतं आणि ऑरिननंच ते निवडलं होतं.

आता ती वळली. ऑरिनचा चेहरा भोपळ्याच्या रंगाचा झाला होता. बाकीचे कानांवर झापडं लावून आपापल्या कागदात दंग होते, कोणाला एक शब्द ऐकू गेला नव्हता. दोन जिल्हे ओलांडून ती ज्याच्यापासून लपायला गेली होती, तोही दोन जिल्हे ओलांडून त्याच दुकानात सगळ्यांपासून लपवून ते विकायला गेला होता. तिला हसू येत होतं आणि संतापही येत होता. म्हणजे हेही शेवटी त्यानंच निवडलेलं.

कोपऱ्यातला झाडू आणून तिनं त्याच्या जागेला टेकवून ठेवला, आणि कानांवरचं झापड नीट केलं. मग माशी काळ्या वर्तुळाच्या उजव्या खांद्यावर धरली. गोळी मधोमध लागली. सल्ला अगदी बरोबर होता, याचा तिला फार राग आला.

स्पर्धा सुरू झाली. ऑरिननं आपलं ते भलंमोठं चकचकीत पंचेचाळीस काढलं. दर गोळीनंतर तो झाडूकडे बघायचा. पण नुसता झाडू नव्हता, आज अर्डिसला आणखी काही दिसलं, जे इतकी वर्षं त्याच्या बोलण्याच्या धबधब्यामागे दडून राहिलं होतं. चाप ओढायच्या आधीच तो डोळे मिटत होता. झटका बसला की मनगट दुसऱ्या हातानं दाबत होता. त्याचं मनगट दुखत होतं, आणि बरंच दुखत असावं. तिचा राग तिथं निम्मा उतरला. निकाल लागला तेव्हा ती बरीच वर होती आणि ऑरिन खालून दुसरा.

सगळे कॉफीकडे वळले. अर्डिस पेटी बंद करत होती. मागून खरखर ऐकू आली म्हणून तिनं बघितलं, तर ऑरिन झाडू घेऊन पुंगळ्या गोळा करत होता.

‘‘ऑरिन, ते काम तुझ्या बहिणीचं,’’ डेलबर्ट म्हणाला.

ऑरिननं तोंड उघडलं. कुठल्याही गोष्टीचं तीन प्रकारे कारण देऊ शकणारा माणूस तो, आज एकही कारण त्याला सापडेना. बिचाऱ्या बहिणीची कंबर दुखतेय म्हणाला असता तरी चाललं असतं, तीही काही बोलली नसती.

‘‘खिटी मी फिरवली,’’ तो म्हणाला. ‘‘ते माझं होतं.’’

क्षणभर कोणाला कळेना. मग एकाच्या डोक्यात उजेड पडला.

‘‘तुझं? नऊ मिलिमीटर? मग टाचण्या कुठून भरायचास?’’

त्यानंतर जे हसू उसळलं, ते पंचवीस वर्षांचं साठलेलं होतं. डेलबर्ट तर खुर्चीत बसून डोळे पुसत होता. ऑरिन मान खाली घालून उभा राहिला, आणि हसणं ओसरल्यावर बहिणीजवळ आला. डॉक्टरांनी पंचेचाळीस बंद करा म्हणून सांगितलं होतं, म्हणून गुपचूप ते घेतलं, असं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. त्याच्याइतकं चांगलं पिस्तूल त्याच्या हातात कधी आलं नव्हतं. पण तो ओरखडा पडला आणि त्याला लाज सोसवेना.

‘‘मी सहा महिने वाचून, तुलना करून ते निवडलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘तू कसं निवडलंस?’’

साऱ्या जन्मात त्यानं तिला मनापासून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. पुढं थांबून उत्तर ऐकायची वाट बघितली, तीही पहिल्यांदाच.

‘‘हातात घेतलं. बसलं.’’

मग माझं पंचेचाळीस घे आणि ते दे, वर हवं तर गोळ्याही देतो, असं तो म्हणाला. अर्डिसनं पेटीची कडी लावली.

‘‘तू निवडलंस आणि लाजेनं टाकून दिलंस. मी ओरखडा बघून घेतलंय. ते माझं.’’

‘‘सरावापुरतं तरी देशील?’’

‘‘विचारलंस तर देईन. आणि झाडू असा एका हातानं धरू नकोस, मनगट दुखेल. दोन्ही हातांनी धर.’’

ऑरिननं झाडू दोन्ही हातांनी धरला.