पाण्याचं लिखाण आणि हळदीचं बोट

ओळखा बरं मला! केस घोड्याच्या शेपटीचे, अंग बांबूचं, आणि शाई? छे, नुसतं पाणी! होय, मी पाण्याचा कुंचला बोलतोय. मुक्काम आखातातलं फुजैरा बंदर, समुद्रकाठची फरशी. अक्षरं हजारो काढलीत, वाचता एक येत नाही. हसू नका, न वाचता सह्या ठोकणारे साहेब मी इथे रोज बघतो.

चीनमधल्या एका कारागिरणीने मला ओसरीवर बसून बांधलं. इतकं घट्ट, की अजून एक केस गळला नाही. तुमच्या डोक्यावर काय परिस्थिती आहे? असो. तिचे आभार. तिथून मी लिन मास्तरांच्या हातात आलो. मास्तर लहानपणी ताओपंथी मंदिरात वाढले. आता लेक इथे ऑइल टर्मिनलवर नोकरीला, म्हणून म्हातारा इथे. सकाळी ढग सरकावा तसे हातपाय हलवायचे, मग मला बादलीत बुडवून फरशीवर जुनी वचनं लिहायची. इथलं ऊन भलतं खादाड. दुसरं अक्षर काढेपर्यंत पहिलं गिळून मोकळं! लोक मोबाइल बाहेर काढतात तोवर फरशी कोरडी. मी गालात हसायचो.

तिथेच सूर्यकांत भेटले. पुण्याचे, जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत मॅनेजर. मेंदूत गुठळी झाली आणि उजवा हात रुसून बसला. बायको अनुपमाताई त्यांना फिरायला आणत. मास्तरांनी एकदा मला सरळ त्या रुसलेल्या मुठीतच खुपसलं.

"मास्टरजी, ये ताओ क्या है?" साहेबांना आधी व्याख्या लागते.

"पानी देखो," रोल्ला बाजारातल्या दुकानदारांकडून उचललेल्या हिंदीत मास्तर म्हणाले. "पानी जोर नहीं लगाता. तुम बहुत लगाता!"

तेव्हापासून सूर्यकांत रोज लिहू लागले. रोज तीच चार अक्षरं. पण बायकोला दिसू नये म्हणून स्वतःच्या पोटाचा आडोसा करायचे. पोट त्या कामाला पुरेसं होतं. फरशी वाळली की बाजूला व्हायचे. लाजत होते बिचारे.

महिने गेले. शेवटी म्हणाले, "दसऱ्यापर्यंतच हं. मग खलास. हातात काही फरक नाही."

"बाबा, हाउ डू यू नो?" त्यांची लेक शुभ्रा म्हणाली.

खरंच की! लिहिलेलं टिकतच नाही, तर फरक दिसणार कुठे?

खंडेनवमीला त्यांनी सरावासाठी मला घरी नेलं. अनुपमाताईंनी पूजेला लॅपटॉप, मिक्सर, गाडीची किल्ली मांडली, आणि शेजारी मी! ओल्या हळदीचं बोट थेट माझ्या केसांत. वर कुंकू, वर झेंडू. आयुष्यात कुणी इतकं नटवलं नव्हतं. धुवायचं मात्र सगळेच विसरले.

दसऱ्याच्या सकाळी परत समुद्रकाठी सूर्यकांतांनी मला बुडवलं आणि लिहिलं. अक्षरं पिवळीधमक! ऊन चाटून थकलं, पण ती जाईनात.

"अगं, पाणी आण! सिक्युरिटीवाला येईल!" पोट इकडे, पोट तिकडे.

"अहो, सरका जरा." ताईंनी त्यांना हळूच बाजूला केलं आणि वाचलं, "अ... नु... प... मा."

मला तेव्हा कळलं, मी रोज काय लिहीत होतो!

ताईंनी वाकून चारही अक्षरांवरून बोट फिरवलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "'मा'चा काना अजून लंगडतोय. बाकी मी बरीच सरळ आलेय."

"खरंच सरळ आहे गं!" सूर्यकांत स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखे बघत राहिले. "उद्या काना सुधारतो."

लिन मास्तर माझे पिवळे केस बघून टाळ्या वाजवत हसले. फरशी मग सगळ्यांनी मिळून घासली. दुपारी सूर्यकांतांनी श्रीखंड-पुरी उजव्या हाताने खाल्ली. निम्मं श्रीखंड शर्टाने खाल्लं. कुणी टोकलं नाही.

आता मी मुळाशी कायमचा पिवळा आहे. म्हातारपणी हा शौक! चीनच्या त्या बाईने बांधलं, मास्तरांनी वळण लावलं, ताईंनी नटवलं. आणखी काय हवं? एकच मागणं आहे. माझे भाऊबंद तुमच्याकडे भिंतीवर शोभेला टांगले असतील, तर खाली काढा, पाण्यात बुडवा आणि मनातलं एखादं नाव लिहा. पोट मात्र मधे आणू नका. यल्ला, चला, बादली भरली, निघतो.