अनुक्रमांक सात, उशी एक

माझ्या बाविसाव्या धड्याला गाडी बाजारच्या चौकात बंद पडली, यात नवल काहीच नव्हतं. एकविसाव्यालाही ती तिथेच पडली होती. नवल हे, की किल्ली पुन्हा फिरवायच्या आत एका पोलीस साहेबानं काचेवर काठी टकटकवली.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. टपावर पाटी, पाटीवर शिकाऊचं लाल अक्षर. स्टिअरिंगमागे मी, साठी उलटलेली, हॉस्पिटलच्या कापडकोठीतून निवृत्त झालेली बाई. शेजारी मास्तर, सहा फुटांवर दोन बोटं. त्यांचे गुडघे कायम डॅशबोर्डला टेकलेले.

"उतरा दोघंही."

"काय चुकलं, साहेब?" मास्तरांनी विचारलं.

"ते बघूनच सांगतो."

हे वाक्य मी तिथल्या तिथे मनात नोंदवलं. तीस वर्षं कोठी सांभाळली मी. आधी मागणीची चिठ्ठी, मग कपाटाला हात. उलटं झालं की चौकशी लागायची, मग गेलेला माल एक टॉवेल का असेना. इथे साहेब आधी कपाट उघडणार होते आणि चिठ्ठी आतूनच शोधून काढणार होते.

"झडतीचा काही कागद आहे का?" मास्तरांनी अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारलं.

"कागद नंतर होतो," साहेब म्हणाले, आणि चारही दारं उघडली. पायपुसणी उपसली, माझ्या पिशवीतल्या कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोडवून पाहिली. मागच्या सीटच्या फटीतून अंगठ्याएवढी पुडी निघाली, खाकी चिकटपट्टी लावलेली. मास्तरांचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला.

"माझी नाही, साहेब."

"कुणाचीच नसते."

त्या सीटवर आपल्या पाळीची वाट बघत रोज सात-आठ शिकाऊ बसतात. पुडी कुणाची ते मला आजही ठाऊक नाही, आणि साहेबांनी ते शोधायची तसदी घेतली नाही. मला म्हणाले, "आजी, तुम्ही घरी जा. या भानगडीत पडू नका."

"गाडी मी चालवत होते."

"दिसलं ते," साहेब म्हणाले, आणि माझा दंड धरून मला फूटपाथवर ठेवून आले. पार्सल ठेवतात तसं.

मास्तर एकोणीस दिवस आत होते. जामिनावर सुटले तेव्हा स्कूलचा परवाना अडकलेला, गाडी ठाण्याच्या आवारात धूळ खात. मास्तरांची बायको, आम्ही सगळे शिकाऊ तिला वहिनी म्हणतो, माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तो निवून गेला.

"मावशी, वकीलबाई विचारतात, तुम्ही साक्ष द्याल का? अमली पदार्थाचं कलम लावलंय, शिक्षा लागली तर दहा वर्षं म्हणतात."

माझा मुलगा आतून म्हणाला, "आई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

"शहाणी असते तर टेस्टमध्ये दोनदा नापास झाले असते का रे?" मी म्हटलं, आणि चप्पल पायात घातली.

वकीलबाईंची खोली झेरॉक्सच्या दुकानावर. खालच्या यंत्राचा घूंघूं आवाज टेबलातून हाताला लागायचा. त्यांनी पंचनामा वाचून दाखवला. आरोपी स्वतः गाडी चालवत होता. पोलिसांना पाहून त्यानं वेग वाढवला. संशय बळावला, वॉरंट आणायला वेळ नव्हता, म्हणून झडती.

"आणि मी?"

"तुम्ही यात नाहीच, मावशी."

हाताला धरून बाजूला केलं ते एकदा, आणि कागदावरून पुसलं ते दुसऱ्यांदा. माझी कानशिलं तापली. मी तिथे होते, हे मला आता पुराव्यानिशी सांगायचं होतं.

"आपल्याला हे कारण पाडायचंय," वकीलबाई म्हणाल्या. "कारण पडलं की झडती पडते, आणि झडती पडली की पुडी कोर्टात उभी राहत नाही. तुमच्या सहीचं धड्याचं कार्ड आहे, पण ते म्हणतील, नंतर बनवलं."

"जप्तीची यादी आहे का?"

"आहे. त्यात काय बघणार?"

माणसं काय सांगतात यापेक्षा यादी काय सांगते हे मला जास्त कळतं. गोष्ट रचताना माणूस डोकं चालवतो. यादी करताना कंटाळतो, आणि समोर असेल ते लिहून मोकळा होतो. मी बोट ठेवत खाली आले. पुडी एक. पायपुसणी चार. पाण्याची बाटली एक. सातव्या ओळीवर बोट थांबलं.

"वकीलबाई," मी म्हटलं, "माझी उशी सापडली."

कोर्टात सरकारी वकिलांनी मला गोडीनं सुरुवात केली.

"आजी, मास्तरांबद्दल तुम्हाला आपुलकी आहे, नाही?"

"त्यांनी मला दोनदा नापास होऊ दिलंय."

"गाडी वेगात होती की नाही?"

"तिसरा गिअर असतो असं मी ऐकून आहे," मी म्हटलं. "अजून भेट नाही."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. न्यायाधीशबाईंनी वर पाहिलं नाही.

मग साहेब पिंजऱ्यात आले. वकीलबाईंनी त्यांना यादीतली सातवी ओळ वाचायला लावली.

"ड्रायव्हरच्या सीटवर, फुलाफुलांची उशी, एक."

"अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"कुणाची उशी?"

"गाडीतली."

सील तोडून गाठोडं सोडलं. माझी उंची चार फूट दहा. ही उशी खाली नसेल तर मला रस्त्याऐवजी स्टिअरिंगवरचा भोंगा दिसतो. वकीलबाईंनी मास्तरांना उभं राहायला सांगितलं. ते उठले, उठतच राहिले. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून एकदा उशीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे.

"यावर बसून हे पळत होते?" त्यांनी साहेबांना विचारलं. "मग डोकं कुठे ठेवलं होतं, टपावरच्या पाटीत?"

साहेबांनी उशीकडे पाहिलं. "चालवणारं... नीट आठवत नाही, बाईसाहेब."

"गाडी उघडण्याआधी तुमच्याकडे कारण काय होतं? सापडलं ते नका सांगू. आधीचं सांगा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

साहेबांनी यादी पुन्हा चाळली. साहेबांकडे आधीचं काही नव्हतं.

आठवड्यानं निकाल लागला. झडती बेकायदा, पुडी पुराव्यातून बाद, मास्तर निर्दोष. वहिनी वकीलबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मास्तरांना मात्र तिथल्या एकाही माणसानं 'चुकलं' म्हटलं नाही. आठ महिने गेले, निम्मे शिकाऊ दुसरीकडे गेले. साहेब टोपी घालून निघाले ते थेट बाजारच्या चौकात, आपल्या जागेवर. उशी मला तीन अर्ज करून मिळाली, लाखेचा डाग घेऊन.

गाडी नि परवाना सुटल्यावर तेविसाव्या धड्याला मी वेळेवर पोचले. मास्तर गाडीत ओणवे. सीटखाली हात, फटीत बोटं, पायपुसणी झटकलेली. प्रत्येक धड्याआधी हेच करतात, वहिनी नंतर म्हणाली. झोपेतसुद्धा गादीखाली हात घालतात.

मला पाहून ते सरळ झाले. नजर माझ्या चपलांवर.

"मावशी, जरा पिशवी दाखवता का?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा राग आला. राग त्यांचा नव्हता. चौकातल्या त्या काठीचा होता. मास्तर सुटले होते, पण काठी त्यांच्या हातात देऊन ठेवली होती.

मी पिशवी पोटाशी धरली.

"कारण काय, मास्तर?"

पुढे केलेला हात हळूहळू खाली आला आणि त्यांनी माझ्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

मी उशी ठेवली, वर बसले, किल्ली फिरवली. गाडी फाटकातच बंद पडली.

"क्लच, मावशी," मास्तर म्हणाले, अगदी पूर्वीच्या आवाजात. "क्लच."